वेगळी चिलीम

अब्बांना उभ्या आयुष्यात एकच मित्र होता आणि तो माझ्यामुळे गेला. मी भांडण लावलं नाही, चुगली केली नाही. एक चांगली चिलीम करून दिली, एवढंच. कुणाला सांगितलं तर हसतात. हसा बापडे! पहिली काही वर्षं मीसुद्धा वरवर हसण्यावारीच नेत होतो. आता अब्बांच्या तेव्हाच्या वयापेक्षा माझं वय बरंच पुढे गेलंय आणि हसू येत नाही.

जुन्नरला बाजारपेठेच्या टोकाला आमचं दुकान होतं. दुकान कसलं, तीन माणसं मांडी घालून बसतील एवढी फळी, मागे शेगडी आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेली लोकांची मोडतोड. कंदील, छत्र्या, कुलपं, अडकित्ते, जे येईल ते नीट करून द्यायचं. पण आमचं नाव होतं ते चिलमींसाठी. चिलमी आम्ही घडवत नव्हतो. त्या घोडेगावच्या कुंभाराकडून भाजून यायच्या, सगळ्या एका वळणाच्या. पण ओढणारी माणसं एका वळणाची असतात का? कुणाची मूठ मोठी, कुणाचे पुढचे दात गेलेले, कुणाची छाती कमजोर. मग माणूस ती नवी चिलीम घेऊन आमच्या फळीवर येऊन बसायचा आणि म्हणायचा, "बघा राव, हिचं काय ते करा."

काय ते करणं हे माझं काम. गिरमिटानं गळा मोठा करायचा, कानशीनं तोंडाकडची बाजू उतरवायची, तडा गेला असेल तर पितळेचं वळं लाखेत बसवायचं. गळ्यात बसतो तो खडा, ज्याच्यामुळे तंबाखू तोंडात येत नाही, तो घासून घासून असा करायचा की धूर सुटावा पण भसकन सुटू नये. भाजलेली माती भारी नाठाळ. जरा हात जड पडला की चर्रकन चीर जाते. पण माझा हात बसला होता. पंचविशी ओलांडली नव्हती तेव्हाच लोक अब्बांना सोडून मला शोधत यायचे आणि मी भलताच फुगलो होतो. एका धनगराची उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. त्याच्या उरलेल्या बोटांच्या मापानं मी चिलमीला खाचा पाडून दिल्या. पुढच्या बाजाराला त्यानं माझ्यासाठी लोकरीची घोंगडी आणली. तेव्हापासून मला वाटायला लागलं की माणसाच्या मनातलं मला न सांगता कळतं. नुसता झुरका बघितला की ओळखतो, असं मी चारचौघांत बोलायचोसुद्धा.

आता अब्बांच्या मित्राचं सांगतो. ओझरच्या अलीकडे नदीकाठाला एक वस्ती आहे, तिथले ते शेतकरी. अब्बांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. मी त्यांना काका म्हणायचो. अब्बा त्यांना 'पावणं' म्हणायचे, ती त्यांची थट्टा. वीस वर्षं दर बाजाराला येऊन बसणारा माणूस कसला पाहुणा! मी रांगत होतो तेव्हा म्हणे आमच्या दारासमोर काकांच्या बैलगाडीच्या चाकाची खीळ मोडली. अब्बांनी ती जोडून दिली आणि ऊन खाली येईपर्यंत बसा म्हणून चिलीम पुढे केली.

इथे छापीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. छापी म्हणजे चिलमीच्या तोंडाला गुंडाळायची ओली चिंधी. चिलीम चारजणांत फिरली तरी छापी फिरतेच असं नाही. परक्या जातीचा माणूस असला तर तो कमरेची आपली छापी काढतो, ती लावतो, झुरके घेतो आणि परत काढून घेतो. आणि फारच सोवळं सांभाळायचं असलं तर चिलीमसुद्धा वेगळी घेतो. यावर कुणी बोलत नसे, पण बघत सगळे असत. कोण कुणाच्या छापीनं ओढतो यावरून कोण कुणाचा, ते बाजारभर कळायचं. त्या दिवशी काकांनी अब्बांच्या हातातली चिलीम घेतली, तोंडाला लावली आणि ओढली. छापी बदलली नाही. आम्ही मुसलमान, ते मराठे. पेठेत दोन दिवस त्याचीच चर्चा होती, असं अम्मा सांगायची.

तेव्हापासून दर बाजाराला दुपार कलली की काका यायचे. त्याआधीच अब्बा छापी भिजवून ठेवायचे. विस्तव चिमट्यानं काका ठेवायचे, पहिला झुरका अब्बांचा. मग भांडण सुरू.

"भाऊ, तुज्या चिलमीला दमच न्हाई," काका म्हणायचे. "बायकामानसांची फुंकणी बरी हिच्यापरीस."

"दम छातीत असावा लागतो, पावणं."

"माज्या छातीला काय झालंय? ह्यो खडाच ढिला हाय. धूर येतो का वारा, तेच कळंना. येवढा कारागीर पोरगा घरात, आन बापाची चिलीम ही अशी!"

"ती माज्या मापाची हाय. तुमाला सोसत नसंल तर नका ओढू."

"ओढतो काय, सोसतोय तुला!"

असं ते चालायचं. अब्बांना खोकल्याचा त्रास होता, म्हणून त्यांनी आपल्या चिलमीचा गळा पहिल्यापासूनच मोकळा ठेवला होता. धूर थंड आणि हलका यायचा. काकांना कडक लागायचा, एका झुरक्यात डोळ्यांत पाणी आणणारा. म्हणजे वीस वर्षं काका स्वतःला न आवडणारी चिलीम ओढत होते आणि वीस वर्षं तीच एक तक्रार करत होते. हे ऐकून शहाण्या माणसानं काय समजावं? हे दोन म्हातारे मजेत आहेत, आपण आपलं काम करावं, हेच ना? पण मी पडलो कारागीर. मला त्या तक्रारीत गिऱ्हाईक ऐकू आलं.

मी ठरवलं की काकांना त्यांच्या मापाची चिलीम करून द्यायची. कुणाला न सांगता करायची, एकदम हातात ठेवायची. मी घोडेगावला गेलो, कुंभाराच्या आव्यातून दहा-बारा चिलमी नखानं वाजवून बघितल्या आणि सगळ्यांत खणखणीत वाजली ती उचलली. दर बाजाराला काका बसले की मी त्यांच्या मुठीकडे बघायचो. अंगठा कुठे टेकतो, करंगळी कुठे दाबते, ते मनात धरून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच घासायचो. खड्यासाठी नदीच्या पात्रात उतरून गारगोट्या वेचल्या. पाच खडे फुकट गेले, सहावा बसला. तुसाच्या धुरात घालून चिलीम बाहेरून काळीभोर केली. गळ्याशी पितळेचं बारीक वळं, त्याला कानशीनं पाडलेली नक्षी. सबंध आयुष्यात माझ्या हातून त्याच्यापेक्षा चांगली वस्तू झाली नाही. हे मी आजही सांगतो, लाज वाटते तरी सांगतो.

माझ्या बायकोनं ती बघितली. हातात घेऊन फिरवली आणि म्हणाली, "त्यांनी मागितली का?"

"मागायला कशाला पाहिजे? दर आठवड्याला ओरडतात ते ऐकू येत नाही का तुला?"

"ओरडतात ते अब्बांशी. तुमच्याशी नाही. एकदा अब्बांना विचारून तर बघा."

"तुला चिलमीतलं काय कळतं गं?" मी तिच्यावर खेकसलो. तेव्हा माझ्या नाकावर राग असायचा. तिनं चिलीम परत माझ्यासमोर ठेवली आणि ती आत गेली. तिला चिलमीतलं काही कळत नव्हतं हे खरं. तिला माणसांतलं कळत होतं.

तो बाजाराचा दिवस मला अगदी लख्ख आठवतो. बाजरीची कापणी झालेली, पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. काका आले, पण त्या दिवशी एकटे नव्हते. त्यांच्या भावकीतला एकजण कंदील दुरुस्तीला घेऊन त्यांच्या मागोमाग आला. तो फळीवर बसला नाही, खाली उभा राहिला. काका नेहमीच्या जागी बसले, घाम पुसला आणि अब्बांनी भिजवलेली छापी घेण्यासाठी हात पुढे केला. तेवढ्यात मी मध्ये पडलो.

"थांबा काका," मी म्हटलं. काय माझा आवाज! वरातीतल्या बँडवाल्यासारखा. "आजपासून ती नाही ओढायची तुम्ही. ही तुमची. अब्बांची अब्बांना, तुमची तुम्हाला. आता कटकट मिटली!"

आणि ती काळी चिलीम त्यांच्या हातात ठेवली. त्यांची मूठ तिच्यावर अशी बसली की जणू ती घेऊनच जन्मले होते. मी बघत होतो ते त्या मुठीकडे. तोंडाकडे बघितलं असतं तर कदाचित काही कळलं असतं.

काकांनी ती चिलीम अब्बांपुढे धरली. मग त्यांनी अब्बांना विचारलं, "भाऊ, ही तुमी सांगितली का करायला?"

वीस वर्षांत ते अब्बांना 'तुमी' म्हणाले नव्हते. मला तेही ऐकू आलं नाही. अब्बांना तर चिलीम पहिल्यांदाच दिसत होती. लेकाचं काम बघून त्यांचा ऊर भरून आला होता. वळ्यावरची नक्षी डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. या चिलमीबद्दल आपल्याला काहीच माहीत नव्हतं, असं ते पाहुण्यादेखत कसं म्हणतील? पोराची मेहनत आपल्या नावानं दिली तर तिला मान राहतो, अशी आमच्याकडची रीत.

"मग!" अब्बा हसून म्हणाले. "आमच्या घरातनं तुमाला. आता तरी म्हना, दम हाय!"

खाली उभा असलेला भावकीतला माणूस हसला. खूप नाही, ओठांतल्या ओठांत. मला वाटलं, माझ्या कामावर खूश झाला.

काकांनी चिलीम परत घेऊन बंडीच्या खिशात ठेवली. "लई चांगली केलीस," मला म्हणाले. मग उठले. "बैलं खोळंबलीत, भाऊ. निगतो." अब्बा म्हणाले, अहो, एक झुरका तरी! पण काका फळीवरून उतरले होते. भावकीतल्या माणसाचा कंदील मी लगेच दुरुस्त करून दिला. तो पैसे देताना म्हणाला, "झ्याक काम केलंत तुमी." आणि मी, माझं कपाळ, त्याला राम राम केला.

पुढच्या बाजाराला काका आले नाहीत. अब्बा म्हणाले, मळणी असंल. त्याच्या पुढच्यालाही नाही. अब्बा म्हणाले, बैल आजारी असंल. चौथ्या की पाचव्या बाजाराला आमच्याकडच्या गिऱ्हाइकानं सहज सांगितलं की तुमचे ओझरचे पावणे हल्ली गाडी पार नदीच्या घाटाकडे सोडतात, तिकडूनच बाजार करून जातात. अब्बा कुलपाची किल्ली घासत होते. घासतच राहिले. ती किल्ली इतकी झिजली की पुढे लागलीच नाही.

"जाऊन विचारता का?" मी म्हटलं.

"मी का जाऊ? मी काय केलंय?" अब्बा कडाडले. "त्याला यायचं तर यील. न्हाई तर ऱ्हाईल तिकडं." पण दुपार कलली की ते छापी भिजवायचे. भिजवून फळीवर ठेवायचे. संध्याकाळी ती वाळून कडक व्हायची आणि मग ते एकटेच चिलीम ओढायचे, छापी परत न भिजवता.

मला तोवर काही उमगलेलं नव्हतं. उलट मी मनातून काकांवर चिडलो होतो. एवढी सुंदर वस्तू दिली आणि माणूस तोंड दाखवत नाही, याला काय म्हणावं!

बेल्ह्याच्या बैलबाजारात मी अधूनमधून घुंगरमाळा आणि साखळ्या दुरुस्त करायला बसायचो. तिथे एकदा काका दिसले. दलालाच्या उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून सौदा करत होते. सौदा मोडला, हात बाहेर आला आणि आमची नजरानजर झाली. मला वाटलं, वळून निघून जातील. ते सरळ माझ्याकडे आले, शेजारी उकिडवे बसले आणि बिडी पेटवली.

"काका, बिडी?" मी म्हटलं. "आणि चिलीम?"

"बिडी बरी. ज्याची त्याची असती."

मग मला राहवलं नाही. मी तोंड सोडलं. काय चुकलं आमचं, अब्बा दर बाजाराला वाट बघतात, एवढी मेहनत घेऊन मी तुमच्यासाठी चिलीम केली, त्याचं हे फळ का, असं काय काय बोललो. काकांनी सगळं ऐकून घेतलं. बिडी संपवली. मग शांतपणे सांगायला लागले.

"मागल्या वरसाला आमच्यात लगीन व्हतं. पंगतीला माजं पान भावकीनं बाजूला मांडलं. म्हनले, तू जुन्नरला त्याच्या उष्ट्या छापीनं ओढतोस. ओढायची तर ओढ, पर आपली चिलीम येगळी ठेव, मंग आमची काय ना न्हाई. मी पानावरनं उठलो. समद्यांदेखत म्हनलो, ज्या दिशी माजा भाऊ मला येगळी चिलीम दील ना, त्या दिशी तुमचं खरं. तवर न्हाई." ते थोडं थांबले. "आन तू ती त्याच भावकीम्होरं माज्या हातात दिलीस. भाऊ म्हनला, आमच्या घरातनं तुमाला."

मी घुंगरमाळ बाजूला सारली. "काका, अब्बांना माहीतच नव्हतं हो! मी एकट्यानं केली. तुम्हीच म्हणायचा ना, दम नाही, खडा ढिला?"

"आरं लेका," काका म्हणाले आणि इतक्या दिवसांनी हसले. "त्ये बोलायला तर येत व्हतो मी. चिलीम चांगली असती तर बोललो काय असतो?"

मी त्यांचे पाय धरले. बाजारातली माणसं बघायला लागली, तरी धरले. काकांनी मला उठवलं. त्यांना माझ्यावर राग नव्हता. अब्बांना माहीत नव्हतं हे ऐकून त्यांच्या तोंडावरचं सगळं ओझं उतरलेलं मला दिसत होतं. पण ते म्हणाले, "आता मी तुमच्या फळीवर येऊन भागायचं न्हाई. त्यानं भावकीचं तोंड बंद व्हनार न्हाई. वीस वरसं मीच येतोय. तुजा बाप एकदाबी माज्या वस्तीवर आला न्हाई. मीबी कदी बोलावला न्हाई, भावकीला भ्यालो, खरं सांगतो. आता न्हाई भ्यायचो. त्याला म्हनावं, काकानं बोलावलंय. चार मान्सांत वसरीवर बसू. आन येताना चिलीम एकच आना. त्याची ती फुसकी."

एवढा निरोप. एवढाच माझ्याकडे दिला होता. पोहोचवायला काय लागतं?

बेल्ह्याहून येताना सगळ्या वाटेनं मी तो निरोप घोकत होतो. पण निरोप सांगायचा म्हणजे त्याच्या आधीचंही सांगावं लागणार होतं. तुमच्या लेकानं तुमच्या मित्राचा चारचौघांत अपमान केला आणि तुम्ही हसून त्यावर शिक्का मारलात, हे सांगावं लागणार होतं. मी दुकानात शिरलो तेव्हा अब्बा कुठल्याशा बिघडलेल्या कुलपावरून वैतागले होते. म्हटलं, उद्या सांगू. उद्या खोकल्यानं बेजार होते. मग ईद आली, सणाला कशाला? मग बायकोचं बाळंतपण आलं. निमित्तांना काय तोटा! खरं कारण एकच होतं. अब्बा पेठेत ज्याला त्याला म्हणायचे, माझ्या पोराचा हात माझ्यापेक्षा सवाई आहे. ते म्हणणं मला गमवायचं नव्हतं. तिकडे काका दर बाजाराच्या आधी ओसरी झाडून घेत होते, हे मला पुढे कळलं. इकडे अब्बा छापी भिजवत होते. आणि मध्ये मी, तोंडात मूग धरून, लोकांच्या चिलमी त्यांच्या त्यांच्या मापाला लावून देत होतो.

बायकोला मी सांगितलं होतं. ती रोज एकदा विचारायची, "बोललात का?" मग तिनं विचारणं सोडलं. एकदा म्हणाली, "मी सांगू?" मी म्हटलं, खबरदार.

संक्रांत होऊन गेल्यावर एका बाजाराला कुणीतरी फळीसमोर थांबून म्हणाला, "ओझरचे तुमचे पावणे गेले की हो. दोनच दिवस ताप आला म्हनत्यात. आज पाचवा दिवस." असं, जाता जाता. अब्बांच्या हातात ओली छापी होती. त्यांनी ती पिळली. पाणी निथळेपर्यंत पिळली आणि खिळ्याला टांगली.

मी म्हटलं, "अब्बा, चला. आपण जाऊन येऊ."

"कसा जाऊ?" अब्बा म्हणाले. "हयातीत त्यानं मला एकदा बोलावलं न्हाई. आता तो न्हाई, तर कुनाच्या बोलावन्यावर जाऊ?"

बघा, अजूनही वेळ होती. काका गेले होते, पण त्यांचं बोलावणं तर माझ्यापाशी जिवंत होतं. अब्बांच्या दोन्ही हातांना धरून सांगता आलं असतं, की बोलावलं होतं, अब्बा, तुम्हालाच बोलावलं होतं. पण आता तर ते आणखी अवघड झालं होतं. आधी चूक सांगायची होती. आता त्या चुकीनं किती महिने खाल्ले, तेही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "बरं. तुमची मर्जी." आणि कानस उचलली.

महिन्याभरानं काकांची सून दुकानात आली. डोक्यावर पदर, हातात फडक्याची पुरचुंडी. ओसरी झाडण्याचं तिनंच सांगितलं. दर बाजाराच्या आदल्या दिवशी मामंजी मला वसरी झाडायला लावायचे, म्हणाली, कोण येणार ते सांगायचे न्हाईत. मग तिनं पुरचुंडी अब्बांच्या पुढे ठेवली. "फडताळात व्हती. मामंजी म्हनायचे, ही आपली न्हव, ज्येची त्येला द्या." पाणीसुद्धा न घेता ती निघाली, तिची गाडी थांबली होती.

अब्बांनी फडकं सोडलं. माझी काळी चिलीम. त्यांनी ती उजेडाकडे धरून आत बघितलं, जसं आम्ही दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक चिलमीत बघायचो. आतली माती लालभडक होती. काजळीचा एक ठिपका नव्हता.

"ओढलीच न्हाई," अब्बा म्हणाले.

मग त्यांनी छापी भिजवली. तंबाखू भरली, खडा चाचपला, विस्तव ठेवला. मी म्हटलं, अब्बा नको, तुम्हाला सोसायची नाही, ती कडक आहे. त्यांनी ऐकलं नाही. खोल झुरका घेतला आणि असा खोकला आला की मी उठून पाठ चोळायला लागलो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते नुसतं खोकल्याचं नव्हतं.

श्वास बसल्यावर म्हणाले, "त्याला अशी लागत व्हती?"

"हो."

"मंग माजी फुसकी का ओढली रं येवढी वरसं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आन जर माज्यासाठी ती सोसली, तर जाताना का सोडून गेला? मी काय वाईट केलं त्याचं? तुला काय ठाऊक हाय का?"

दुकानात कुणी नव्हतं. पेठ शांत होती. इतकं सरळ मला कुणी कधीच विचारलं नव्हतं.

"नाही अब्बा," मी म्हटलं.

त्यानंतर अब्बा सात-आठ वर्षं होते. दर बाजाराला त्या दोन्ही चिलमी पुसून शेजारी शेजारी ठेवायचे आणि ओढायचे मात्र आपलीच. शेवटच्या दुखण्यात त्यांची शुद्ध येत-जात होती. तेव्हासुद्धा मी उशाशी बसून होतो, निरोप ओठांवर होता, आणि शेजारपाजारचे जमले आहेत म्हणून बोललो नाही. ते गेले. चिलमींचं काम मी त्याच वर्षी बंद केलं. लोकांना वाटलं, बिड्यांमुळे धंदा बसला.

बायकोही आता नाही. त्या निरोपाचं माहीत असलेला मी एकटाच उरलोय. म्हणून निरोप इथे देतो, उशीर झालाय तरी.

अब्बा, ओझरच्या काकांनी तुम्हाला वस्तीवर बोलावलंय. चार माणसांत ओसरीवर बसायचं म्हणाले. आणि येताना चिलीम एकच आणा म्हणाले, तुमचीच.